जनू मेस्त्रींची बिनगिअरची स्कूटर

जनू मेस्त्री बोलता बोलता मध्येच थांबले की समजावं, रस्त्यावरून कुठलं तरी इंजिन चाललंय. समोर कोणीही असो, ते वाक्य अर्धं सोडायचे, मान डावीकडे कलती करायचे आणि आवाज लांब जाईपर्यंत तसेच उभे राहायचे. मग निदान सांगायचे. "दुसरो सिलिंडर मेलो आसा. कणकवलीपर्यंत जायत, फुडे नाय." एवढं सांगून सोडलेलं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचलायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तरांनु, तुमच्या खाटेखाली..." आणि तेवढ्यात चिऱ्यांचा ट्रक आला. मी खाटेवर बसलो होतो. पाय वर घेऊन बसलो. खाटेखाली काय असेल याचे सगळे सरपटणारे प्रकार माझ्या डोळ्यांपुढून गेले. ट्रक वळणापलीकडे गेल्यावर मेस्त्री शांतपणे म्हणाले, "...माझो पानो पडलो आसा काय, बगा जरा."

मी साताऱ्याकडचा. साठ सालानंतर लगेचच मालवणच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो आणि मेस्त्रींच्या घराची बाहेरची खोली मला राहायला मिळाली. बाजाराच्या मागे माडांची बाग, त्या बागेत कौलारू घर आणि घराला लागून मेस्त्रींची पत्र्याची शेड. भाताच्या गिरण्यांची ऑईल इंजिनं, काजूच्या कारखान्यांतली यंत्रं आणि मच्छीमारी होड्यांना तेव्हा नुकतीच बसू लागलेली इंजिनं, ही सगळी त्यांच्या हाताखालून जायची. आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठं काही बंद पडलं की माणूस त्यांना न्यायला यायचा.

त्यांच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं नव्हती. अंगठा आणि करंगळी एवढंच उरलेलं. तरुणपणी गिरणीच्या पट्ट्यात हात गेला होता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ती गिरणीत ठेयलंय." त्या दोन बोटांत ते चहाचा कप असा धरायचे की बघणाऱ्यालाच घाम फुटावा, पण कप कधी सांडला नाही. राग मात्र सांडायचा. काम जमेना की हातातला पाना बागेत भिरकावून द्यायचे आणि पाच मिनिटांनी स्वतःच तो माडांच्या आळ्यांतून शोधत फिरायचे. त्यांची बायको, सुमतीबाई, स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायच्या, "आज खंय पडलो?"

सुमतीबाई प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांची शाळा गावाबाहेर भरडावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर होती. घरापासून तीन मैल. त्यातला शेवटचा अर्धा मैल चढ, त्याला चिरेखाणीची घाटी म्हणत. वर चिऱ्याच्या खाणी होत्या आणि चिरे वाहणाऱ्या गाड्यांनी तो रस्ता पार उखणून टाकला होता. एस.टी. त्या वाटेला एकच, ती दुपारी. बाई आठ वर्षं ही वाट चालत गेल्या. मग त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला असणार, त्यानं काळजाची झडप बिघडली आहे. सपाटीवर चाला, चढ चढू नका.

मेस्त्रींनी तेव्हा स्कूटर घ्यायचं ठरवलं. अडचण हाताची. गिअरच्या स्कूटरला क्लच डाव्या हातात, आणि तो दाबायला मेस्त्रींकडे बोटंच नव्हती. वर्षभर त्यांनी वाट पाहिली. गोवा मोकळा झाल्यावर तिकडचं येणं-जाणं सुरू झालं आणि म्हापशाला एका खाणवाल्याच्या कारकुनाकडे त्यांना एक जर्मन स्कूटर दिसली. छोटी, राखाडी रंगाची, वापरून जुनी झालेली. तिला क्लच नव्हता, गिअर नव्हता. उजवी मूठ पिळली की ती आपली आपण चालायची. मेस्त्री ती ट्रकात घालून घेऊन आले. तिच्या नावाची अक्षरं अर्धी गळून गेली होती. मेस्त्री तिला नुसतं "बिनगिअरची" म्हणत.

पहिल्या दिवशी बाजारातून बाईंना मागे बसवून नेलं तेव्हा दुकानदार फळीवरून उतरून बघत होते. बाई एका हातानं छत्री सावरत, दुसऱ्या हातानं मेस्त्रींच्या सदऱ्याची चिमूट धरून बसल्या होत्या. सपाटीवर स्कूटर छान पळाली. घाटी लागली, पहिलं वळण गेलं, आणि तिचा आवाज जाड झाला. मग घुसमटला. मग ती उभी राहिली. बाई उतरल्या आणि चालू लागल्या. मेस्त्री एकटे बसले तर ती चढत होती. ते वर जाऊन थांबले आणि बायको धापा टाकत वर येईपर्यंत बघत राहिले.

"तुमची स्कूटर तुमका वर न्हेता," बाई वर पोचल्यावर म्हणाल्या, "आणि डॉक्टरांनी चढ बंद केललो माका."

त्या हे हसून म्हणाल्या होत्या. मेस्त्रींनी मला ते सांगितलं तेव्हा ते हसत नव्हते.

माझा संबंध आला तो घड्याळामुळे. शाळेच्या शर्यतींसाठी एक स्टॉपवॉच होतं आणि ते माझ्या ताब्यात असे. एका संध्याकाळी मेस्त्री ते मागायला आले. मी कारण विचारलं, तर त्यांनी मला घरात बोलावलं. बाईंनी जेवणाची पानं घेतली होती. मेस्त्रींनी दोन कल्हईच्या वाट्या उचलल्या, त्यांची बुडं एकमेकींसमोर जरा अंतर ठेवून धरली आणि मधल्या खाचेत सुतळी गुंडाळली.

"ह्यो पट्टो. इंजिन जोरात फिराक लागला की आतली वजनां भायर फेकली जातत आणि ह्यो वाट्यो जवळ येतत." त्यांनी वाट्या दाबल्या. सुतळी खाचेतून वर सरकली. "पट्टो वर चढलो. म्हणजे गिअर बदललो. कोणी हात लावूचो नाय, पाय लावूचो नाय."

"मग बिघडलं काय?"

"वजनां जड आसत. इंजिनान जोर धरूच्या आधीच वाट्यो दाबतत. घाटी सुरू झाली तरी गाडी समाजता सपाटी आसा. वरचो गिअर धरता आणि मरता." वाट्या खाली ठेवून ते म्हणाले, "जर्मनीत चिरेखाण नसतली."

"झाला असला तर वाट्यो देवा," बाई म्हणाल्या. "सोलकढी कशात वाढू?"

म्हणजे ती सहा लोखंडी वजनं हलकी करायची. सुपारीएवढी, प्रत्येकी तोळाभराची. थोडी थोडी कानशीनं घासायची, आणि सगळी सारखी. त्यासाठी तराजू हवा तो सोनाराचा. बाजारात अंतू शेट म्हणून सोनार होते. सरकारच्या सोन्याच्या कायद्यानं तेव्हा सोनारांचे हात बांधले होते आणि अंतू शेट दिवसभर रिकाम्या तराजूसमोर बसून असत. मेस्त्रींनी तेलकट लोखंड त्यांच्या पारड्यात टाकलं तेव्हा त्यांनी पारडं पुसायला एक फडका पुढे सरकवला. दोन गुंजा कमी, चार गुंजा कमी, असं वजन व्हायचं आणि मी ते वहीत मांडायचो. रोज मुलांना ग्रॅम शिकवणारा मी संध्याकाळी गुंजांची कोष्टकं करत होतो.

मागे बाईंना बसवून प्रयोग करायला मेस्त्री तयार नव्हते. तेवढ्या वजनाची रेती पोत्यात भरायची ठरली. तेवढं म्हणजे किती, हे कळायला बाईंना गिरणीच्या काट्यावर उभं करावं लागलं. भात आणलेल्या बायका बघत होत्या. पंचेचाळीस किलो. बाई घरी येईपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

मग सुरू झालं ते दीड वर्ष चाललं. रविवारी आम्ही घाटीखालच्या ओढ्यावरच्या मोरीवर जायचो. पोतं मागे बांधायचं, मी घड्याळ दाबायचं, मेस्त्री मूठ पिळायचे. स्कूटर जिथं थांबेल तिथं ते रस्त्याकडेच्या दगडावर चुन्याचा पट्टा ओढायचे आणि मला ओरडून विचारायचे, "किती?" मी सेकंद सांगायचो. पुढच्या रविवारी दुसरा पट्टा. कधी चार हात वर, कधी सहा हात खाली. घाटीत राहणाऱ्या एका शेतकऱ्याला वाटलं, बांधकाम खातं रस्ता रुंद करायला मोजणी करतंय. त्यानं मुकाट्यानं आपली वई, म्हणजे शेताचं काटेरी कुंपण, दोन हात मागे घेतली. खरं कळल्यावर तो मेस्त्रींना शोधत घरी आला होता.

मेस्त्रींचा एक ठेवणीतला शब्द होता. कोणत्याही बंद इंजिनासमोर बसले की म्हणायचे, "यंत्र खोटा बोलना नाय. आयकणारो बहिरो आसता." त्या वर्षात हे वाक्य मी कमी कमी ऐकलं. शेवटी शेवटी तर एका रविवारी ते स्कूटरकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्तरांनु, ह्या खोटा बोलता."

याचं कारण होतं. वजन दहा गुंजा उतरवलं तेव्हा स्कूटर तिसऱ्या वळणापर्यंत चढली. मेस्त्रींना हुरूप आला आणि त्यांनी एकदम मासाभर, म्हणजे आठ गुंजा, आणखी घासलं. त्या रविवारी इंजिन असं किंचाळलं की चरणाऱ्या म्हशी दावं तोडून पळाल्या. पण स्कूटर चालली माणसाच्या पावलांनी. मी बाजूनं चालत होतो आणि मला थांबून तिची वाट बघावी लागत होती. आता वजन फारच हलकं झालं होतं, वाट्या दबतच नव्हत्या. आणि घासलेलं लोखंड परत लावता येत नव्हतं. मेस्त्रींनी पाना फेकला. तो खाणीत गेला. त्या दिवशी कोणी शोधायला गेलं नाही.

मी जर्मनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. वजनं, पट्टा, स्प्रिंगा मिळतील का. पाच महिन्यांनी फार सभ्य उत्तर आलं, की हे मॉडेल बनवणं त्यांनी केव्हाच बंद केलं आहे. मी ते मेस्त्रींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "खाली सही आसा?" आहे म्हटलं. "मगे त्यांका तरी कळला की मालवणात एक आसा," म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मोडक्या होडीच्या पंख्याचं पितळ घेऊन ते सावंतवाडीला गेले आणि लेथवर नवी वजनं करून आले. पट्टा झिजला होता, तर एका ट्रकचा जुना पट्टा आणून त्याची बाजू तीन दिवस कानशीनं घासून तिरकी केली. लांबी जुळली नाही. दुसरा आणला. हे सगळं गिरण्यांची कामं सांभाळून. कधी कधी न सांभाळूनही. आचऱ्याचा एक गिरणीवाला दोन दिवस खेपा घालून गेला आणि शेवटी दुसरा मेस्त्री घेऊन गेला. बाईंनी ते बघितलं. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही की पाना कुठं पडला.

दरम्यान बाई शाळेला जातच होत्या. घाटीपर्यंत स्कूटरवर आणि घाटी पायी, दर वळणावर रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला टेकून.

पितळी वजनांनी रेतीचं पोतं एकदा वरपर्यंत गेलं. एकदाच. मेस्त्री थांबायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी त्यांनी बाईंना घाटीखाली उतरू दिलं नाही. मी तिथं नव्हतो, मला हे नंतर दोघांकडून थोडं थोडं कळलं. तिसऱ्या वळणावर पट्टा तुटला. इंजिन मोकळं किंचाळलं आणि स्कूटर मागे घसरू लागली. मेस्त्रींनी पाय टेकले, ब्रेक धरला, पण मागच्या उतारावर तो पुरेना. बाईंनी उडी मारली. लागलं फारसं नाही. पण त्यांचा श्वास बसेना. ओठ निळे पडले. रस्त्याकडेला त्या छातीवर हात ठेवून बसून राहिल्या आणि मेस्त्री त्यांच्यासमोर उभे, डाव्या हाताच्या दोन बोटांत तो तुटका पट्टा. चिऱ्यांची बैलगाडी आली, तिच्यातून बाई घरी आल्या.

तीन दिवस शेड बंद होती. मेस्त्री आत होते की नाहीत ते कळत नव्हतं, कारण आतून कसलाही आवाज येत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी बाई माझ्या खोलीच्या दारात आल्या. माझ्याशी त्या शाळेतली भाषा बोलायच्या. "मास्तर, एक अर्ज लिहून द्याल का? शिक्षण खात्याकडे. प्रकृतीच्या कारणास्तव बदली मिळावी म्हणून. डॉक्टरांचा दाखला आहे माझ्याकडे."

"मेस्त्रींना माहीत आहे?"

"नाही. तुम्हीही सांगू नका." मी कागद काढेपर्यंत त्या उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना वाटतं स्कूटर चढली की माझं दुखणं गेलं. मी कधीच तसं म्हटलं नव्हतं."

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. त्याच हातानं मी मेस्त्रींच्या सेकंदांची वही लिहीत होतो, आणि हे मला त्या वेळी खटकलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

दोन महिने गेले. मेस्त्री पुन्हा शेडमध्ये जाऊ लागले, पण बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी ते घड्याळ परत द्यायला प्रयोगशाळेत आले. मी वर्गासाठी ताणकाटे तपासत होतो. मुलांनी लोंबकळून एकाची स्प्रिंग पार सैल करून टाकली होती. मी सहज म्हटलं, "ही थकलीय. आता वजन लावायच्या आधीच खाली येते."

मेस्त्रींनी हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं. मान डावीकडे कलती झाली. मी खिडकीकडे बघितलं. रस्त्यावर काहीच जात नव्हतं.

"मागच्या चाकातली," ते शेवटी म्हणाले. "मागच्या पुलीत स्प्रिंग आसा. पट्ट्याक ती आवळून धरता. घाटी इली की पट्टो परत खाली ओढूचा काम तिचा." मग जरा थांबून, "मी दीड वर्षा फुडच्या वजनांच्या मागे लागलंय. दुखना मागच्या चाकात." एवढं बोलून ते तिथल्या बाकावर बसले. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. ते चिडले होते. "पयल्या दिवसापासून ती सांगत होती. आवाज जाड जाताहा म्हणान. माका आयकाक इला नाय."

गिरणीच्या इंजिनाची एक निकामी झडपेची स्प्रिंग कापून त्यांनी तिथं बसवली. रेतीचं पोतं घेऊन रविवारी स्कूटर गेली ती थेट वर. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मेस्त्रींनी ते पाच वेळा केलं. दर वेळी पोतं, दर वेळी वर. पट्टा हात लावून बघितला. गरम होता, पण शाबूत.

सोमवारी ते बाईंना म्हणाले, "बस."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बसल्या. मी मोरीवर घड्याळ घेऊन उभा. स्कूटर निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर आवाज जाड होऊ लागला आणि मग, एखाद्यानं घसा साफ करावा तसा, मोकळा होऊन वर चढला. मी धावत मागे गेलो. वर पोचलो तेव्हा बाई शाळेच्या वाटेला लागल्या होत्या, संथ, एकसारख्या पावलांनी. मेस्त्री स्कूटरवर बसून होते. चेहऱ्यावर घाम.

"किती झाला?"

मी हातातलं घड्याळ बघितलं. काटा शून्यावर होता. मी ते दाबायलाच विसरलो होतो.

मेस्त्रींनी बाहीनं चेहऱ्यावरचा घाम पुसला. मग इतकंच म्हणाले, "मास्तरांनु, दीड वर्षा तुमी न चुकता दाबल्यात."

त्याच संध्याकाळी बाई शाळेतून आल्या त्या हातात लांब पाकीट घेऊन. मेस्त्री ओटीवर बसून पट्टा पुसत होते, मी माझ्या दारात होतो.

"बदली झाली," बाई म्हणाल्या. "फुडच्या सोमवारपासून किनाऱ्यावरची शाळा. चालत दहा मिनिटां."

"कोणी केल्यान?"

"मी केलंय अर्ज."

"कधी?"

"पट्टो तुटलो त्या आठवड्यात."

मेस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मास्तरांनी लिवन दिलो?"

मी हो म्हटलं. ते पट्टा पुसत राहिले. नुसताच, एकाच जागी.

"माका सांगूचा होता गो."

"सांगितला असता तर तुमी म्हटला असतास, अजून आठ दिस थांब."

"मगे? झाला नाय?"

"झाला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पन दीड वर्षा तुमी आठ-आठ दिसच मागितल्यात. माझ्या काळजाकडे तितके आठवडे खंय आसत?"

मेस्त्रींनी त्या दिवशी काही फेकलं नाही. उठले, पट्टा घेतला आणि शेडमध्ये जाऊन तो स्कूटरला चढवला.

मंगळवार ते शनिवार, पाच दिवस, ते बाईंना घाटीवरून शाळेपर्यंत नेत होते. पाचही दिवस स्कूटर कुठं अडखळली नाही. घाटीतला तो शेतकरी वईजवळ येऊन उभा राहायचा. बाई त्याला हात करायच्या. शनिवारी शाळेत बाईंचा निरोपाचा कार्यक्रम झाला, पोरांनी अबोलीच्या फुलांचे गुंफलेले वळेसर दिले. परतताना मेस्त्रींनी म्हणे उतारावर इंजिन बंद केलं आणि स्कूटर नुसती घरंगळत खाली आणली.

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. भाडं बाईंकडे द्यायचं, पाणी बाईंकडून मागायचं. मला त्याचं वाईट वाटे आणि रागही येई. अर्ज लिहिणं चुकीचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. त्यात काही खोटं नव्हतं. तरी शेडवरून जाताना मी मान खाली घालायचो.

मग एका रविवारी सकाळी खोलीच्या दारातून आवाज आला. "घड्याळ आसा?"

"आता कशाला, मेस्त्री?"

"आठवडोभर चढली. ती स्प्रिंगमुळे चढली की हवा थंड होती म्हणान चढली, ता कळाक होया."

आम्ही पुन्हा मोरीवर गेलो. पोतं बांधलं. स्कूटर दुसऱ्या वळणावर थांबली. मेस्त्रींनी झाकण उघडलं. नवी स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ होती आणि तिनं सहा दिवसांत पट्ट्याची धार खाऊन टाकली होती. पाण्यासारखी स्वच्छ गोष्ट होती ती. मऊ स्प्रिंग लावावी तर चढत नाही, ताठ लावावी तर पट्टा टिकत नाही. मधली हवी, आणि मधली मिळत नव्हती. मेस्त्री पट्ट्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे सहाच दिसांची होती." मग चुन्याचा डबा काढला आणि रस्त्याकडेच्या दगडावर पट्टा ओढला, कित्येक महिन्यांपूर्वीच्या एका पट्ट्याच्या खाली.

त्यानंतर मी मालवणात चार वर्षं होतो. अधूनमधून घड्याळ जायचं, वहीत आकडे वाढायचे. बाई किनाऱ्यावरच्या शाळेत रुळल्या, त्यांची तब्येत बरी होती. मेस्त्रींच्या गिरण्यांपैकी काही परत आल्या, काही गेल्या त्या गेल्याच. स्कूटरचं काय करायचंय असं कोणी विचारलं की ते ऐकलं न ऐकलंसं करायचे, आणि त्याच वेळी रस्त्यावरून नेमकं एखादं इंजिन जात असायचं.

माझी बदली झाली तेव्हा मी सकाळीच दोघांच्या पाया पडलो. मेस्त्री म्हणाले, "वयी ठेवन जावा." मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही, काखेत धरली.

माझी एस.टी. दुपारची होती, आणि ती घाटीनंच जायची. दुसऱ्या वळणाआधी ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि भोंगा दाबला. पुढे राखाडी स्कूटर होती. मागे बाई, पोत्याच्या जागी. त्यांची शाळा तिकडे नव्हती, वर त्यांचं कोणी नव्हतं, त्या दिवशी सुट्टी होती एवढंच. ड्रायव्हर भोंगा दाबत राहिला. मेस्त्रींनी वाट दिली नाही. त्यांची मान डावीकडे कलती होती.

मी खिडकीतून हाक मारणार होतो. बाईंनी वळून बघितलं, मला ओळखलं, आणि मेस्त्रींच्या खांद्यावरचा एक हात जेमतेम उचलून बोलू नका अशी खूण केली.

तिसऱ्या वळणावर आवाज जाड झाला. स्कूटर कडेला गेली, थोडी धडपडली आणि उभी राहिली. ड्रायव्हरनं काहीतरी पुटपुटत गाडी बाजूनं काढली. मी मागच्या काचेतून बघत होतो. बाई उतरल्या. त्या पुढे चालू लागल्या नाहीत. रस्त्याकडेच्या गडग्यावर जाऊन बसल्या, छत्री उघडली आणि पदरानं तोंड पुसलं. मेस्त्रींनी झाकण काढून खाली ठेवलं आणि गुडघ्यांवर बसले. बाई त्यांना काहीतरी सांगत होत्या, आणि मेस्त्री हातातलं काम थांबवून ऐकत होते.